मांजराच्या स्वयंपाकाला वजनकाटा लागतो

मा. संपादक,

पाळीव प्राण्यांचे सदर आता बहुतेक मराठी दैनिकांच्या पुरवण्यांत असते. त्यात मांजराच्या केसांना तकाकी आणणाऱ्या घरगुती खाण्याची कृती अधूनमधून येते आणि ती साधारण एकाच साच्याची असते. चिकन उकडा, मऊ भातात कालवा, गाजर किसून घाला, वर चमचाभर खोबरेल तेल किंवा तूप सोडा. ग्रॅम कुठेच दिलेले नसतात आणि कॅल्शियमचा उल्लेखही नसतो. मांजर हे मिटक्या मारत खाते, म्हणून घरच्यांना वाटते की जमले. काही महिन्यांनी पाठीवर कोंडा दिसू लागतो, केस राठ होतात, आणि पिल्लू असेल तर साध्या उडीतही त्याचे हाड मोडू शकते. घरी शिजवायला आमचा विरोध नाही. मात्र ते मोजून शिजवावे आणि त्यात काय कमी पडते हे आधी माहीत असावे, म्हणून हे पत्र.

मांजराचा केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. रोजच्या प्रथिनांतला मोठा वाटा कातडी आणि केस राखण्यातच खर्च होतो. प्रथिन अपुरे पडले की शरीर आधी हृदय, यकृत, स्नायू सांभाळते आणि केसांच्या वाट्याला उरलेसुरले येते. दूध-पोळीवर वाढलेल्या मांजराचे केस विरळ आणि भुरभुरीत दिसतात ते यामुळे. त्यातच बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, म्हणजे जे थोडेफार पोटात जाते तेही जुलाबात निघून जाते. काळ्या मांजराचे केस तांबूस पडू लागले तर पुष्कळदा ते टायरोसिन या अमिनो आम्लाच्या कमतरतेचे लक्षण असते. दिवसभर गच्चीत उन्हात लोळणाऱ्या मांजराचा रंगही तसाच उतरतो, त्यामुळे लगेच निष्कर्ष काढू नये.

प्रथिनानंतर स्निग्धांश. इथेच आपल्या स्वयंपाकघरातले ज्ञान मांजराला लागू पडत नाही. कातडी मऊ ठेवायला लिनोलेइक आम्ल लागते आणि त्याच्या जोडीला अ‍ॅराकिडोनिक आम्ल. कुत्रा किंवा माणूस दुसरे पहिल्यापासून तयार करतो. मांजराला ते पुरेसे जमत नाही, त्यामुळे प्राणिज चरबी हवीच. खोबरेल तेलात लिनोलेइक आम्ल अगदी नावापुरते असते, तुपातही तेच, तेव्हा त्यांनी वजन वाढते, कातडीला काही मिळत नाही. जवसाच्या तेलातला ओमेगा-३ मांजराच्या शरीरात माशातल्या ओमेगा-३ मध्ये फारसा बदलत नाही. गाजराचेही तसेच. त्यातल्या बीटा कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवण्याची सोय मांजराकडे नाही, ते त्याला तयारच लागते आणि कलेजीतून मिळते. किसलेल्या गाजराने ताटली रंगीत दिसते एवढेच.

एक गोष्ट कृतीच्या आधी सांगितली पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या ११४ मांजर-पाककृती तपासल्या. त्यातल्या ९४ कृतींमध्येच हिशेब करता येईल इतका तपशील होता, आणि प्रौढ मांजराच्या सगळ्या गरजा भागवणारी त्यांत एकही निघाली नाही. त्यात पशुवैद्यकांनी स्वतः लिहिलेल्या कृतीही होत्या. आमची खालची कृतीही पूर्ण आहार नाही. चिकनवर आधारलेल्या कोणत्याही घरगुती खाण्यात जस्त, मँगनीज, आयोडीन आणि ड जीवनसत्त्व कमीच पडते. त्यासाठी जीवनसत्त्व-खनिजांचे खास मांजरांसाठीचे मिश्रण मिसळावे लागते, आणि त्याचे प्रमाण त्या मांजराचे वजन, वय, मूत्रपिंडांची अवस्था पाहूनच ठरते. म्हणून हे खाणे रोजच्या आहारातला पाव हिस्सा, त्याहून जास्त नको. बाकीचा तीन-चतुर्थांश भाग पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ असे स्पष्ट लिहिलेल्या खाद्याचा असावा. हल्ली मिळणारी छोटी मलईदार पाकिटे बहुधा ‘पूरक आहार’ असतात. ते अक्षर बारीक छापलेले असते, भिंग लावून का होईना, वाचावे.

आता कृती. चिकनच्या दुकानात न सांगता मिळते ते सोललेले, पांढरे मांस. मांजरासाठी लेगचे बोनलेस मागावे, ८०० ग्रॅम, आणि त्यातले निम्मे स्किनसकट. गडद मांसात टॉरिन, म्हणजे मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागणारे अमिनो आम्ल, छातीच्या मांसापेक्षा बरेच जास्त असते, आणि स्किनखालच्या चरबीतूनच वर सांगितलेली दोन्ही आम्ले मिळतात. सोबत कोंबडीची दिले, म्हणजे हृदये, १०० ग्रॅम. दुकानदार ती कलेजीबरोबरच एका ढिगात टाकतात, निवडून घ्यावी लागतात. कलेजी ५० ग्रॅम, वजन करूनच. बकऱ्याची कलेजी असेल तर २५ ग्रॅम पुरे, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व कितीतरी जास्त असते. दोन अंडी. अंड्याच्या कवचाची पूड ६ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. टॉरिन २ ग्रॅम. ई जीवनसत्त्वाची ४०० ची एक कॅप्सूल. पाणी २५० मिलि. स्किन मिळालीच नाही तर करडईचे तेल दोन चहाचे चमचे घालावे. लिनोलेइक आम्ल त्यातून मिळते, अ‍ॅराकिडोनिक मात्र नाही. त्याची थोडी भरपाई अंड्याच्या बलकातून होते.

कवचाची पूड आदल्या दिवशी करून ठेवावी. कवचे धुऊन दहा मिनिटे उकळावीत, मंद तव्यावर किंवा ओव्हनमध्ये खडखडीत वाळवावीत, कॉफी दळायच्या छोट्या भांड्यात पिठासारखी बारीक करावीत आणि मलमलच्या कापडातून चाळावीत. कण टोचता कामा नये. चाळणीवर उरलेले पुन्हा दळावे, खाण्यात टाकू नये. एक ग्रॅम पुडीत ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. या प्रमाणातल्या मांस-अंड्यांत फॉस्फरस सुमारे दोन ग्रॅम भरतो, आणि कॅल्शियम त्याच्या बरोबरीने किंवा किंचित जास्त लागते, त्यावरून सहा ग्रॅमचा आकडा आला. हे गणित सुटले की काय होते ते दोन्ही बाजूंनी समजून घ्यावे. कॅल्शियम नाहीच घातले, तर रक्तातली पातळी टिकवायला शरीर ते हाडांतून ओढते, आणि केवळ बोनलेसवर वाढणाऱ्या पिल्लांची हाडे ठिसूळ होतात ती अशी. उलट ‘कॅल्शियमच आहे, जास्त झाले तर काय बिघडते’ म्हणून दोन-तीन चमचे ढकलले, तर आतड्यात जस्त शोषले जात नाही. जस्त कमी म्हणजे खपल्या आणि कोंडा. केसांसाठी केलेल्या खाण्यानेच केस बिघडतात, आणि मालक आणखी एक चमचा वाढवतो.

टॉरिनबद्दल थोडे सविस्तर. ते पाण्यात विरघळते. मांस भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिले की टॉरिन मोरीत जाते. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवले की टॉरिनच्या कमतरतेने मांजराच्या हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगते, आणि वेळीच टॉरिन दिल्यास ते सुधारते. त्यानंतरच डबाबंद खाद्यांतले टॉरिन वाढवले गेले. डोळ्याच्या पडद्याचे नुकसान त्याआधीच माहीत होते, आणि ते भरून येत नाही. केमिस्टकडे टॉरिन मागितले की पुष्कळदा मूत्रपिंडाच्या रुग्णांची, अ‍ॅसिटिलसिस्टीनबरोबर एकत्र केलेली गोळी हातात पडते. ती नको. नुसते टॉरिन, पूड किंवा ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल, असेच हवे. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर टॉरिन छापलेले असते म्हणून कुणी तो प्रयोग करू नये. त्यातले कॅफीन मांजराला विषारी आहे.

मांसाचे दोन बोटे रुंदीचे तुकडे करून जाड बुडाच्या भांड्यात २५० मिलि पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावेत. पंधरा ते अठरा मिनिटे लागतात. दिले पहिल्यापासून घालावीत, कलेजी शेवटची पाच मिनिटे, नाहीतर ती रबरासारखी होते. कापल्यावर आत गुलाबी दिसू नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतले तापमान ७४ अंश. कुकर चालतो, पण त्यात उरलेले सूप ओतून द्यायचे नाही. मीठ, हळद, हिंग काहीही नाही. कांदा आणि लसूण तर स्पर्शालाही नको. कच्चे, शिजवलेले, वाळवलेले, पूड, कोणत्याही रूपात ते मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. घरच्या रश्शातला तुकडा धुऊन दिला म्हणून रश्शातला कांदा जात नाही. अंडी पूर्ण उकडलेलीच घ्यावीत. कच्च्या पांढऱ्यातले अ‍ॅव्हिडिन बायोटिनला धरून ठेवते, आणि बायोटिन हे कातडीचेच जीवनसत्त्व.

सगळे कोमट झाले की मांस आणि अंडी मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन भरड करावीत. कवचाची पूड, टॉरिन आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलमधले तेल आधी त्या सुपात ढवळून घ्यावे आणि मग सूप मांसावर ओतून कालवावे. पूड कोरडीच वर भुरभुरली तर अर्धी एकाच डब्यात जाते. मिश्रण साधारण ११५० ते १२०० ग्रॅम होते, आणि ग्रॅमला अंदाजे १.४ कॅलरी पडतात. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशेच्या आसपास कॅलरी लागतात. त्यांचा पाव हिस्सा म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम. बर्फाच्या ट्रेचे दोन खण. ट्रे फ्रीजरमध्ये ठेवून वड्या काढाव्यात, हवाबंद डब्यात भराव्यात, दोन महिन्यांत संपवाव्यात. एका मांजराला हे सुमारे महिनाभर पुरते. वडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावी, कोमट करून द्यावी, अर्ध्या तासात संपली नाही तर उचलावी. वितळलेले पुन्हा गोठवू नये. एवढे खाणे वाढवले तेवढे पाकिटातले काढलेच पाहिजे, कोरड्या दाण्यांतून १२ ते १५ ग्रॅम. नाहीतर मांजर सुटते, सुटलेल्या मांजराची जीभ कमरेपर्यंत पोहोचत नाही, आणि शेपटीच्या मुळाशी कोंडा व गुंते साचतात. पुष्कळ घरांत केसांची तक्रार असते ती खरे म्हणजे याची.

माशाचे तेल वडीत घालून गोठवू नये, ते खवट होते. वाढताना कॅप्सूल टोचून वर पिळावी. नेहमीच्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये माशातले ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए, मिळून ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतात. चार-पाच किलोच्या मांजराला अशी एक दिवसाआड पुरेशी आहे, सुरुवात अर्ध्याने करावी. शौच पातळ झाले तर थांबावे. लिंबाच्या वासाची कॅप्सूल बहुतेक मांजरे टाळतात. कॉड लिव्हर ऑइल वेगळे, त्यात अ आणि ड जीवनसत्त्वांचा मोठा साठा असतो, ते इथे चालत नाही. शस्त्रक्रिया ठरलेली असेल किंवा स्वादुपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेल देऊ नये.

कलेजीचे प्रमाण आम्ही मुद्दाम ग्रॅममध्ये दिले. स्वस्त मिळते, मांजर तुटून पडते, म्हणून रोज कलेजी देणारी घरे आहेत. अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि मानेच्या मणक्यांवर हाड वाढून मणके एकमेकांत जोडले जातात. ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात यावर बरेच काम झाले. मान वळत नाही, म्हणून मांजर अंग चाटत नाही, म्हणून केस गुंततात. तोपर्यंत बाहेरून दिसणारे लक्षण तेवढेच असते.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत मांजराचा मुख्य आहार मासळी. तिथल्या वाचकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. रोज तेलकट मासळी आणि ई जीवनसत्त्व कमी, असे चालले की कातडीखालची चरबी सुजून पिवळी, कडक होते. केस निस्तेज आणि तेलकट दिसतात, आणि मांजर उचलले की ओरडते. कुपा, म्हणजे ट्यूना, यासाठी विशेष बदनाम आहे. दुसरे म्हणजे कच्ची मासळी. तारली, मांदेली यांसारख्या माशांच्या कुळांत थायमिनेज हे द्रव्य आढळते, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. कमतरता वाढली की मांजराची मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. शिजवल्याने थायमिनेज निकामी होते. आठवड्यातून एकदा तारली किंवा बांगडा ३० ते ४० ग्रॅम द्यावा. तारली कुकरमध्ये शिट्टीनंतर वीसेक मिनिटे मंद आचेवर ठेवली की काटे बोटाने चुरडतात. त्या दिवशी माशाच्या तेलाची कॅप्सूल नको. सुकट आणि सुके बोंबील खारवलेले असतील तर देऊ नयेत. ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच, त्यावर भरवसा ठेवू नये.

कच्चे मांस ‘नैसर्गिक’ म्हणून देण्याची जी लाट आली आहे, तिच्याविषयी महाराष्ट्रात तरी दोन मते असू नयेत. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत एच५एन१ बर्ड फ्लू निघाला. संसर्ग कोंबडीच्या मांसातून आल्याचा संशय होता. पाठोपाठ शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत हाच विषाणू सापडला. नीट शिजवले की तो मरतो, साल्मोनेला हा जिवाणूही. शिजवलेली कोंबडीची नळी मात्र सुळ्यासारखी फुटते. ती ताटलीत कधीच नको.

शाकाहारी घरांतून पनीर आणि डाळीवर मांजर सांभाळता येईल का असा प्रश्न नेहमी येतो. नाही. घरात मांस शिजवायचे नसेल तर पाकिटातले संपूर्ण खाद्य द्यावे, त्यात कमीपणा नाही.

आणि प्रत्येक खाज ताटलीतून येत नाही. आहाराला हात लावण्यापूर्वी बारीक फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरावे आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, आणि त्यावर कोणतेही खाणे चालणार नाही. त्यासाठीचे औषध मांजराचेच घ्यावे. कुत्र्यांच्या पर्मेथ्रिन असलेल्या औषधाने मांजर झटके येऊन मरू शकते. गोल टक्कल आणि कडेला खपल्या म्हणजे बहुधा नायटा, तो घरातल्या मुलांना लागतो. बारा महिने डोके आणि मान खाजवणाऱ्या मांजराला अन्नाची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे ही कृती चालणार नाही, कारण चिकन आणि मासे हेही अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या कारणांत मोडतात. त्याला पूर्वी कधीच न खाल्लेले एकच मांस, आठ आठवडे, बाकी काही नाही, अशी डॉक्टरांच्या देखरेखीखालची परीक्षा लागते. पिल्ले, गाभण आणि पाजणारी भाटी, मूत्रपिंड किंवा मधुमेहाची मांजरे यांनाही हे परस्पर सुरू करू नये.

नवे खाणे दहा दिवसांत हळूहळू आणावे, पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकाएवढे. ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब मांजराशी करू नये. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले की यकृतात चरबी भरते आणि जीव धोक्यात येतो. चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर जुन्या खाण्यावर परत यावे आणि डॉक्टरांना फोन करावा. केसांतला फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्याआधी प्रमाणे बदलत बसू नये. तोवर दर आठवड्याला वजन मात्र करावे.

परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. आपल्या बाजारात मिळणारे चिकन, कलेजी, तारली यांचे पृथक्करण करून खनिज-मिश्रणासह एक पूर्ण कृती मराठीत प्रसिद्ध करणे त्यांच्या पशुपोषण विभागांना अवघड नाही. ती त्यांनी करावी. आपणही पाळीव प्राण्यांची कोणतीही पाककृती छापताना ग्रॅमचे आकडे आणि ‘पूर्ण आहार’ की ‘पूरक’ एवढे शब्द लेखकाकडून मागून घ्यावेत.

जागेअभावी या पत्राला कात्री लावावी लागली, तर मासळीचा आणि गाजराचा भाग खुशाल काढावा. कवचाची पूड, टॉरिन आणि कलेजी यांचे आकडे तेवढे राहू द्यावेत.

आपले,
मांजरांच्या आहाराचा अभ्यास करणारे काही वाचक, पुणे